कोन कुठून मोजायचा

जालना, ११ ऑगस्ट २०२४

प्रिय शालूताई,

एका आकड्याला नाव काय द्यावं? आठवडा झाला, मला उत्तर येत नाही. आणि आमच्या ऑफिसात बाकी कोणाला हा प्रश्नच वाटत नाही.

हसू नकोस, नीट सांगते. आमच्या कंपनीच्या फवारणीच्या ड्रोनबरोबर बांधावर एक काठी रोवतात. तिच्यावर वारा मोजायचं यंत्र असतं. वारा कोणत्या दिशेचा आहे ते यंत्र एका आकड्यात कळवतं, शून्यापासून तीनशे साठपर्यंत. त्या आकड्यावरून ड्रोनने ठरवायचं की औषध कोणत्या बाजूला उडून जाईल, आणि त्या बाजूचा पट्टा न फवारता सोडून द्यायचा. हे ठरवणारा प्रोग्रामचा भाग मी लिहिते. मुकुलसरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, त्या आकड्याचं नाव ठेवलंय ‘कोन’. प्रोग्राममध्ये ते इंग्रजीत लिहितात, पण अर्थ तोच. नुसता कोन!

मी म्हटलं, सर, वारा येतो तिकडचा कोन की जातो तिकडचा? ते म्हणाले, “सगळ्या जगात वारा येतो तिकडचा सांगतात.” मी म्हटलं, मग नावातच लिहू या. शून्य कुठे धरलंय तेही लिहू या, आकडा कुणीकडे वळत वाढतो तेही. कागदावर नाव लिहून दाखवलं, शून्य आणि वळण सरांनी भरायला जागा मोकळी सोडून. ते केवढंतरी लांब झालं. सरांनी वाचलं आणि विचारलं, “हे नाव आहे की पत्ता?” सगळं ऑफिस हसलं.

तू असतीस तर काय ठेवलं असतंस? फोनवर विचारत नाही, कारण तुमच्या घरचा फोन स्पीकरवर असतो आणि तुझ्या सासूबाईंना, द्वारकामावशींना, वाटेल पोरीला वेड लागलं. तुमच्या गावच्या जीपवाल्या राजानंदबरोबर चिठ्ठी डब्यात घालून पाठवते आहे. डबा रिकामा नाही, तुझ्या आवडीची शेव आहे.

तुझी,
अर्पिता

*

कुंभार पिंपळगाव, १८ ऑगस्ट

अर्पे,

शेव सासूबाईंनी खाल्ली. चिठ्ठी तेवढी माझ्या हाती लागली.

तुझा सवाल मी ह्यांना वाचून दाखवला. हे म्हणले, “शिकून शिकून तुझ्या बहिणीला वाऱ्याचं बारसं करायची पाळी आली का?” मला इचारशील तर आमच्यात आकडा कोणी सांगत न्हाई. उगवतीचं वारं, मावळतीचं वारं, झालं. अन् सगळ्यांला बराबर कळतं.

आता माझं ऐक. मच्छिंद्र भाऊजी परवा आल्ते, ह्यांचे चुलतभाऊ. त्यांची कपाशी माझ्या तुतीच्या वरच्या अंगाला हाय, मधी फक्त बांध. म्हणले, अर्पिताच्या कंपनीचा ड्रोन बोलावतो, माणसं मिळंना फवारायला. मी घाबरले. तुला म्हाईत हाय, रेशमाच्या अळ्या म्हंजे लई नाजूक. शेडात जाताना मी हात-पाय धुते, डोक्याला वासाचं तेल लावत न्हाई. भाऊजींला तर तंबाखूपायी दारातच उभं करते. पानावर औषधाचा वारा जरी लागला तरी ती पानं खाऊन सगळा लॉट जाईल.

भाऊजी हसून म्हणले, “आमची शालू बी अजबच. मी अळ्या मारायला औषध घेतो, अन् हिला अळ्या जगवायच्यात. एका बांधाला दोन धर्म!” वर म्हणले, तुझ्यापायी माझा पट्टा कोरडा ऱ्हायला तर तिथली बोंडअळी तूच वेचायची.

पहिल्यानदाच घरातल्यांनी मला एक एकर तुती करू दिली. सासूबाई म्हणतात, एक लॉट बुडाला की तुती उपटून कपाशी. म्हणून इचारते, तुझा ड्रोन माझ्याकडं थेंब येऊ देणार न्हाई ना? तू हो म्हणलीस तर मी भाऊजींला हो म्हणते.

तुझी,
शालू

*

जालना, २५ ऑगस्ट

प्रिय ताई,

हो म्हण. बिनधास्त.

मी उगाच सांगत नाही. माझा भाग मी हिवाळ्यात जाफ्राबादच्या हरभऱ्यावर तपासला, उगवतीकडून गार वारा सुटला होता तेव्हा. आता पावसाळ्यात घनसावंगीच्या उसावर तपासला, वारा अगदी उलट बाजूचा, तुम्ही मावळतीचा म्हणता तो. दोन्ही वेळेला बांधावर कागद अंथरून बघितले. ज्या बाजूला पट्टा सोडायचा त्याच बाजूला सोडला. शेजारच्या शेतातल्या कागदावर एक ठिपका नाही. मी त्या कागदांचे फोटो आईला पाठवले. तिला काही कळलं नाही, पण तिने ते सगळ्या गल्लीला दाखवले. तुला माहीत आहे, आपल्या घरात माझ्या आधी कोणी पदवीधर नाही, म्हणून गल्लीत मिक्सर बिघडला तरी मलाच विचारतात.

नावाचं म्हणशील तर अर्धी लढाई जिंकले. सर म्हणाले, “बरं बाई, ‘वारा कुठून’ एवढं घाल, बाकीचा पत्ता राहू दे.” मीही मग सोडून दिलं. ‘वारा कुठून’ हे महत्त्वाचं होतं, ते आलं.

ताई, मी हे काम का करते सांगू? आपल्याकडे पाठीवर पंप घेऊन फवारणारी माणसं आपण बघितली आहेत, तोंडाला ओला रुमाल बांधलेली. ते थांबावं. आणि एकाच्या शेतातलं औषध दुसऱ्याच्या पानावर जाऊ नये. एवढं झालं तरी माझं शिक्षण कामी आलं असं मी समजेन.

मच्छिंद्रदादांना म्हणावं, बोंडअळी वेचायला मी येते.

अर्पिता

*

कुंभार पिंपळगाव, ७ ऑक्टोबर

अर्पे,

सगळ्या मेल्या.

परवा भाऊजींच्या कपाशीवर तुझा ड्रोन फिरला. काल सकाळी मी पाला तोडून टाकला. अळ्या शेवटच्या टप्प्यात हुत्या, बोटाएवढ्या जाड, दोन-तीन दिसात कोष विणायला बसल्या असत्या. दुपारी शेडात गेले तं आवाजच न्हाई. एरवी हजारो अळ्या पाला खातात तवा शेडात कसा करकर आवाज असतो, तू ऐकलाय. काल बिलकुल न्हाई. बघितलं तं माना हलवून राह्यल्या, तोंडातून हिरवं पाणी. हात लावला की गळून पडत. मी एकेक उचलून कोरड्या कागदावर ठिवत ऱ्हायले. मला वाटलं काही तरी वाचतील.

न्हाई वाचल्या. ह्यांनी खड्डा खांदला. मी टोपल्यानं नेऊन टाकल्या.

तू हो म्हणली हुतीस.

शालू

*

जालना, ८ ऑक्टोबर

ताई,

पत्र राजानंदने हातात दिलं तेव्हा मी कंपनीच्या फाटकात उभी होते. वाचून तिथेच खाली बसले. शेजारच्या पोलादाच्या कारखान्यातले लोक मोटारसायकली थांबवून विचारत होते, ताई, चक्कर आली का?

हे होऊच शकत नाही. मी दोन मोसम तपासलंय. ड्रोनने पट्टा सोडलाच असणार. नाही सोडला, तर कोणीतरी पट्टा सोडायचं बंद करून उडवला असणार. चालवणाऱ्या मुलाला तसं करता येतं, शेतमालकाने आग्रह केला तर. मच्छिंद्रदादा आधीपासून म्हणत होतेच ना की पट्टा कोरडा राहिला तर बघून घेईन? मला त्यांचा भयंकर राग आलाय. दोन एकरांतल्या चार ओळींसाठी माणूस घरातल्या बाईचं एवढं नुकसान करतो?

दाजींना सांग, काय तक्रार करायची ती करा. मशीन बरोबर होतं असं मी लिहून देईन. सहीने देईन. तू एकटी नाहीस.

अर्पिता

*

कुंभार पिंपळगाव, १२ ऑक्टोबर, दसरा

अर्पे,

तुझं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं. मंग उठले ते थेट भाऊजींच्या दारात. अर्ध्या गावानं ऐकलं एवढं भांडण झालं. हे म्हणले, “अर्पितानं लिहून दिलंय, मशीन बराबर हुतं, म्हंजे तूच केलंस.” भाऊजी आईच्या गळ्याची शपथ घेऊन राह्यले, म्हणले मी पोराला कायबी सांगितलं न्हाई.

आज दसरा. दर साली आधी त्यांच्याकडं सोनं द्यायचं, मंग देवळात. औंदा आमच्या घरातलं कोणी गेलं न्हाई. दुपारी त्यांची तृप्ती आपट्याची पानं घिऊन आल्ती. हीच पोरगी माझ्यासंगं शेडात पाला टाकायची. सासूबाईंनी फाटक लावून घेतलं. पोरगी बाहेर उभी राहून रडली. मी आत उभी हुते. मी बी उघडलं न्हाई, अर्पे. मला त्या टोपल्या दिसत हुत्या.

अन् भाऊजींची नाटकं बघ. उलट बोंबलून राह्यलेत की कंपनीनं मला फसवलं, माझ्या वरच्या बांधाकडची कपाशी ड्रोननं कोरडीच ठिवली, तिथं अळी बोंडं खाऊन राह्यली, पैसे परत द्या. म्हंजे माझ्याकडचा पट्टा सोडायचा तिथं बांधापतुर फवारलं, अन् वर रडगाणं की वरला पट्टा सोडला! किती खोटं बोलावं माणसानं.

शुक्रवारी घनसावंगीला कृषी कार्यालयात अर्ज द्यायचाय. हे टाइप करून आणणार हाईत. तू ये सही करायला. मंग तिथूनच ठाण्यात जायचं म्हणतेत.

शालू

*

जालना, १३ ऑक्टोबर

ताई,

आत्ता एवढंच. त्या दिवशी फवारणी चालू असताना वारा कुणीकडून होता? अंदाज नको. काही उडालं, धूर गेला, वास आला, जे आठवतं ते लिही. जीप परत निघायच्या आत उत्तर पाठवता आलं तर बघ. आणि दाजींना म्हणावं, शुक्रवारपर्यंत मच्छिंद्रदादांना एक शब्द बोलू नका. मी येते आहे.

अर्पिता

*

कुंभार पिंपळगाव, १५ ऑक्टोबर

अर्पे,

हे काय इचारणं झालं? बरं लिहिते. त्या दिशी भाऊजींच्या वरच्या बांधाला कोणीतरी काडीकचरा पेटवल्ता. सगळा धूर त्यांच्या कपाशीवरून सरळ माझ्या शेडात. मी पडदे सोडले अन् वरडले बी. वरला बांध म्हंजे उत्तर अन् मावळतीच्या मधला कोपरा. पाऊस उघडल्यापासून वारं तिकडूनच हाय. हे बी अर्जात घालायचं का? घाल. धूर बी सोडला म्हणावं.

पण तुझी चिठ्ठी मला बरी वाटली न्हाई. दोन ओळी, अन् बोलू नका म्हणे. तू त्यांची बाजू घिऊन राह्यलीस का? कंपनीनं तुला काही सांगितलं का? खरं काय ते लिही. मला आता गोल बोलणं सोसंना.

शालू

*

जालना, १८ ऑक्टोबर

शालूताई,

घनसावंगीला जाऊन आत्ता आले. दाजींनी घरी येऊन काय सांगितलं असेल ते माहीत नाही. तू माझ्याकडून सगळं वाच, आणि मग फाडून टाकलंस तरी चालेल.

मच्छिंद्रदादा खोटं बोलले नाहीत. त्यांचा वरचा पट्टा ड्रोनने खरोखर सोडला. ती तुझ्या दसऱ्याच्या पत्रातली ओळ मी वाचली आणि तेव्हाच तुला वारा विचारला. ड्रोनने पट्टा सोडायचं काम चोख केलं, ताई. फक्त उलट्या बाजूला केलं. वारा वरच्या बांधाकडून तुझ्याकडे येत होता, आणि ड्रोन समजत होता की तुझ्याकडून वरच्या बांधाकडे जातो आहे. म्हणून त्याने तिकडची कपाशी जपून कोरडी ठेवली आणि तुझ्या तुतीला लागून बांधापर्यंत फवारत आला.

कसं झालं ते कागदावर करून बघ. मध्ये एक अधिकचं चिन्ह काढ. वरचं टोक उत्तर, उजवं टोक पूर्व. वाऱ्याचं यंत्र उत्तरेला शून्य धरतं आणि घड्याळाचा काटा फिरतो तसं मोजत जातं. मी माझा भाग लिहिताना शाळेतल्या भूमितीसारखं मोजलं. तिथे पूर्वेला शून्य असतं आणि घड्याळाच्या उलट जायचं. मला वाटलं, कोन म्हणजे हाच. दुसरा कोणता असतो?

तू म्हणशील, मग दोन मोसम तपासलं ते काय? तेच तर. दोन्हीकडून बोट फिरवत जा. पूर्व आणि उत्तरेच्या बरोबर मधे, ईशान्येला, दोन्ही मोजण्यांचा आकडा एकच येतो. त्याच्या समोर, नैऋत्येलाही एकच. बाकी कुठेच जमत नाही. आणि आपल्याकडे हिवाळ्यात वारा ईशान्येचा, पावसाळ्यात नैऋत्येचा. मी त्या दोनच वाऱ्यांत कागद अंथरले. वायव्येला, तुझा धूर आला त्या कोपऱ्याला, दोन्ही मोजण्या एकमेकींच्या अगदी पाठमोऱ्या होतात. तुझं उत्तर यायच्या आधी मी टेबलावर शंभर वेळा बोट फिरवलं होतं. तरी मला वाटत होतं की तू लिहिशील, वारा दुसरीकडचा होता.

सरांना दाखवलं. ते खुर्चीतून उठले, खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, “नाव पूर्ण ठेवलं असतं तर लिहितानाच तुझ्या लक्षात आलं असतं.” ते खरं आहे. शून्य कुठे आणि वळण कुणीकडे, एवढं नावात असतं तर भूमिती लिहायला माझा हात उचललाच नसता. मी म्हटलं, सर, तुम्ही हसलात आणि मी सोडून दिलं, दोघांनी मिळून केलं हे. ते म्हणाले, “आता गुपचूप दुरुस्त करू. कोणाला सांगू नकोस. वारा अचानक फिरला असं म्हणता येतं.”

दुरुस्ती मी त्याच दिवशी केली. नाव आता लांब आहे, पत्त्यासारखं आहे, कोणी हसत नाही. पण वारा अजून वायव्येचाच आहे, आणि गावोगाव जुना प्रोग्राम घेऊन ड्रोन उडत होते. सर जेवायला गेले तेव्हा मी ड्रोन चालवणाऱ्या सगळ्या मुलांना निरोप पाठवला: उड्डाणं थांबवा, पट्टा उलट्या बाजूला सुटतो आहे. खाली माझं नाव. सर परत आले तेव्हा सगळ्यांचे फोन वाजत होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, “सोमवारी येणार आहेस का?” मी म्हटलं, तुम्ही सांगाल तसं. त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

आज घनसावंगीला दाजी कृषी कार्यालयाच्या पायरीवर उभे होते. कागद टाइप करून आणलेला, माझ्या सहीची जागा सोडलेली. मी त्यांना सगळं सांगितलं. ते आधी म्हणाले, “तू भिऊन राह्यलीस. मच्छ्यानं धमकी दिली का?” मग मी तिथेच पायरीवर खडूसारख्या दगडाने अधिकचं चिन्ह काढलं आणि बोट फिरवून दाखवलं. दाजी बघत राहिले. त्यांचं तोंड असं झालं की मला बघवेना. “त्या भांडणात मी त्याच्या आईवरून बोललो,” म्हणाले. कागदाची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाले, “चल घरी. झालं ते झालं. तू आपली पोर हाईस, तुझ्यावर काय अर्ज करायचा?”

ताई, मला तिथे सगळ्यात जास्त धक्का याचा बसला. मच्छिंद्रदादांवर ठाण्यात जायला निघालेला माणूस माझं नाव निघाल्यावर एका क्षणात झालं ते झालं म्हणाला. दादा परके आणि मी आपली? तुझ्या अळ्या त्याच मेल्यात. उद्या दुसऱ्या कोणाच्या बांधावर दुसऱ्या कोणाचा ड्रोन फिरेल, आणि तिथेही एखादा शेजारी शपथा घेत बसेल.

दाजी चहाला गेले. मी आत गेले, कोरा अर्ज घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिला. काय झालं, का झालं, कोणाचं नुकसान झालं, मच्छिंद्रदादांचा यात काही दोष नाही, आणि तुझी भरपाई कंपनीने द्यावी. खिडकीत गजानन नावाचे कारकून होते. चष्मा वर करून त्यांनी अर्ज वाचला, परत वाचला.

“मॅडम, तक्रार करणार अर्पिता. तक्रार कोणाविरुद्ध, तिथंबी अर्पिता. वरच्या रकान्यातलं नाव खाली पडलं बघा. खोडून द्या.”

“पडलं नाही. लिहिलंय.”

“असा अर्ज मी आजवर घेतला न्हाई.”

मी म्हटलं, घ्या. ते मागच्या टेबलावरच्या बाईंकडे वळले, त्या मिटल्या तोंडाने हसल्या, मग हसायच्या थांबल्या. गजाननरावांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, शिक्का शाईत दाबला आणि अर्जावर मारला. पोच म्हणून मिळालेली अर्जाची शिक्क्याची प्रत घेऊन मी आधी मच्छिंद्रदादांच्या घरी गेले. ते कपाशीत होते. तृप्तीच्या हातात ती दिली, तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतली, आणि, तुझ्या दारात यायचा धीर झाला नाही म्हणून, तशीच जीप धरली.

अर्पिता